दहा ग्रॅमचा धागा

डोळे मिटा, म्हणाली डॉक्टरीणबाई.
मिटले.
तिच्या हातात नायलॉनचा तुकडा,
दांडीला लावलेला, मांजराच्या मिशीएवढा.
तळव्याला टेकवीन, म्हणाली, वाकेपर्यंत दाबीन,
दहा ग्रॅमचा जोर फक्त.
लागलं की हो म्हणा.

आता मला धागा शिकवते ही.
चाळीस वर्षं जकार्डवर गेली माझी.
दोन बोटांत सूत चोळून काउंट सांगायचो,
शेठ व्यापाऱ्यांशी पैजा लावायचा
आणि जिंकला की चहा मला.
तीन चमचे साखरेचा.

हो, म्हणालो.
हो.
हो.

"ईराबत्तीकाका," ती हळू म्हणाली,
"मी अजून लावलाच नाही."

राहायला कुठं, असं लॅबमधल्या पोरानं विचारलं होतं.
साखर पेठेत.
तो हसला, मीही हसलो.
आमच्या घरच्या तेलुगूत साखरेला चक्केर म्हणतात,
बाहेर मराठीत चक्कर येते.
हाही विनोद मी त्याला फुकट दिला.

तपासणीच्या आदले दोन दिवस मी शहाणा व्हायचो.
भाकरी अर्धी, शेंगाचटणी चिमूटभर, चहा कोरा.
उपाशीपोटी एकशे अठरा!
कागद खिशात घालून चौकभर दाखवायचो.
ह्या बाईनं तीन महिन्यांची काढली.
वरची घडी नीट लावून गठ्ठा खपवता येतो,
मीही खपवलाय, खोटं का बोलू,
पण हिनं अख्खं ठाण उलगडलं.
नऊ पॉइंट चार.

मग डोळ्याच्या आतला फोटो.
केशरी जमीन, तांबडे ठिपके, मध्ये पिवळी बुंदी.
मला आधी चादरीचं डिझाईन वाटलं,
बरं आहे, म्हणणार होतो.
ती म्हणाली, केसाहून बारीक नळ्या आहेत ह्या,
फुगल्यात, पाझरतायत.
मूत्रपिंडातही अशाच असतात,
लघवीला फेस येतो का?
येतो.
कधीपासून?

आमच्याकडे ताण्याचा एक धागा तुटला
तर पत्ती खाली पडते, खट्,
आणि माग जागच्या जागी उभा.
इथं किती वर्षं तुटत होतं
आणि कापड आपलं चालूच.
पत्ती पडल्याचा आवाज
मला तरी आला नाही.

एप्रिलात कन्ना चौकातून घरी आलो, त्रेचाळीस डिग्री.
नरसव्वा दारात, मांडीवर बिड्यांचं सूप.
कलिंगड तिच्यापुढे ठेवलं.
तिनं कलिंगडाकडं नाही, पायांकडं बघितलं.
दुसरी कुठंय?

एकाच पायात चप्पल होती.
दुसरी डांबरात रुतून राहिली असेल,
कुठं, ते मला विचारू नका.
तळव्याला रुपयाएवढा फोड
आणि मी सुरी शोधत होतो.

ती त्या दिवशी काही बोलली नाही.
हजारातल्या दीडशे बिड्या राहिल्या होत्या, त्या वळल्या.

फोड भरायला अडीच महिने लागले.
गोळ्या आता वेळेवर घेतो, चहा कोराच,
ह्या खेपेला सात पॉइंट आठ.
गेलेलं परत येईल का, विचारलं.
डॉक्टरीणबाईनं पेनाचं टोपण लावलं, काढलं.
राहिलंय ते राखू, म्हणाली.

रात्री टीव्ही बंद झाला की
नरसव्वा पाटावर माझा पाय घेते.
बत्तीस वर्षं तेंदूच्या पानाची शीर काढणारी बोटं,
बेचक्या बघतात, टाच बघतात, नखांच्या कडा.
मला लाज वाटायची.
मी तिचे पाय कधी बघितलेत?

मग बिडीचा गुलाबी दोरा घेते
आणि तळव्यावरून ओढते.
तिची स्वतःची परीक्षा ही, बाईंना सांगितलेली नाही.
कळतंय?
नाही.
इथं?
नाही.
आता मी खरंच सांगतो.

काल अंगठ्याच्या मुळाशी थांबली.
कळतंय?
मी श्वास धरला.
काहीतरी होतं, किंवा आठवत होतं,
शेडच्या दुसऱ्या टोकाला कुणाच्या तरी मागावर
कांडी संपल्यासारखं.

माहीत नाही, म्हणालो.

बरं, म्हणाली,
आणि दुसरा पाय ओढून घेतला.